टॅपेट टाइट करण्याआधी फट मोजून घ्या

‘गाडीचा टॅपेट वाजतोय, टाइट करून घेऊ का?’ जुनी मोटारसायकल सांभाळणाऱ्या वाचकांकडून हा प्रश्न सारखा येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: ‘मध्यंतरी टॅपेट टाइट करून घेतले, आवाज एकदम गेला. पण आता गाडी तापली की सिग्नलला बंद पडते, लवकर चालू होत नाही. कार्बोरेटर गेला असेल का?’

बहुतेक वेळा बिचाऱ्या कार्बोरेटरचा काहीच दोष नसतो. पहिल्या प्रश्नावर गॅरेजमध्ये जे उत्तर मिळालं, त्यातून दुसरा प्रश्न जन्माला आलेला असतो. म्हणून या लेखात टॅपेटची फट घरी कशी तपासायची, कुणी तपासायच्या फंदात पडू नये आणि गॅरेजमध्ये काम देताना काय मागायचं, एवढंच पाहू.

तत्त्व म्हणाल तर एका परिच्छेदापुरतं. इंजिनाच्या हेडमध्ये पेट्रोल-हवा आत घेणारा इनलेट आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट असे दोन व्हॉल्व्ह असतात. रॉकर त्यांच्या दांडीवर दाब देऊन ते उघडतो. इंजिन थंड असताना रॉकर आणि दांडी यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडी लांबते. फट जास्त झाली की रॉकर आपटतो आणि टकटक ऐकू येते. फट उरलीच नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सोडतो ती मुख्यतः मिटलेला असताना, सीटला टेकून. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड जळते. थोडा सैल टॅपेट नुसता कटकट करतो. अति टाइट टॅपेट गुपचूप हेडचं काम काढतो.

आधी तुमची गाडी कुठल्या जातीची, ते पाहा

सगळ्याच गाड्यांना टॅपेट सेटिंग लागत नाही. हे आधी स्पष्ट झालं तर निम्म्या वाचकांचा वेळ वाचेल.

- यामाहा आरएक्स १००, जुनी जावा, येझदी, सुझुकी सामुराई: ही टू-स्ट्रोक इंजिनं आहेत. हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे टॅपेटही नाही. आरएक्सचा ‘टॅपेट सेट’ केल्याचे पैसे कुणी बिलात लावले असतील तर ते परत मागा. तुम्हाला ऐकू येणारा आवाज पिस्टनचा, गजन पिनचा किंवा बेअरिंगचा असणार.
- हीरो होंडा सीडी १०० (१९८५ पासून), स्प्लेंडर (१९९४ पासून), पॅशन आणि त्यांच्या नात्यातल्या गाड्या: हेडवर दोन गोल झाकणं, आत स्क्रू आणि लॉकनट. घरी शिकायला यांच्याइतकी सोपी गाडी नाही. जुन्या पल्सर १५०चीही पद्धत स्क्रू-लॉकनटचीच आहे, फक्त झाकणाची रचना वेगळी.
- जुनी ‘कास्ट आयर्न’ बुलेट: इथे पुशरॉड आहेत आणि मोजण्याची रीतच निराळी आहे. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.
- यूसीई इंजिनाची बुलेट आणि २००९ साली आलेली क्लासिक: हायड्रॉलिक टॅपेट. फट तेलाच्या दाबाने आपोआप भरली जाते, सेट करायला काही नाही. आवाज आलाच तर आधी ऑइलची पातळी आणि दर्जा पाहा.
- केटीएम ड्यूकसारख्या दोन कॅमशाफ्टच्या गाड्या: फट बदलायची तर कॅमशाफ्ट काढून मोजमापाच्या चकत्या, म्हणजे शिम, बदलाव्या लागतात. फट मोजून पाहायला हरकत नाही, पण बदलायचं काम सरावाच्या हातांकडेच द्या.

कधी तपासायचं?

मॅन्युअलमध्ये दिलेलं अंतर पाळा. मॅन्युअल हरवलं असेल तर शंभर ते दीडशे सीसीच्या जुन्या गाडीला तीन ते पाच हजार किलोमीटरच्या सर्व्हिसबरोबर तपासणी करून घ्यावी, असं मी सुचवेन. तपासणी म्हणजे नुसती मोजणी. फट बरोबर निघाली तर स्क्रूला हात लावायचा नाही. प्रत्येक सर्व्हिसला उगाचच टॅपेट ‘फिरवून’ देणारे कारागीर असतात. त्यांना नम्रपणे थांबवा.

मधल्या काळात ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका:

- सकाळी सहज चालू होणारी गाडी तापल्यावर किकला दाद देत नाही.
- किक मारताना नेहमीचा विरोध जाणवत नाही, पाय भसकन खाली जातो.
- आयडलिंग डळमळतं, सायलेन्सरमधून फुसफुस किंवा फटफट येते.
- घाटात ओढ कमी झाली आहे.
- पीयूसीच्या पावतीवर हायड्रोकार्बनचा आकडा मागच्या वेळेपेक्षा खूप चढला आहे. एप्रिल २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना ४५०० पीपीएमची मर्यादा आहे. गाडी पास झाली म्हणून पावती फेकू नका. मागची आणि आताची शेजारी ठेवून पाहा, फुकटात मिळालेला तपासणी-अहवाल आहे तो.

या यादीत टकटक आवाज नाही, हे लक्षात आलं असेल. आवाज हेही कारण आहेच, पण तो टॅपेटचाच आहे याची आधी खात्री करा. टॅपेटचा आवाज हेडमधून, कोरडा आणि ठेक्यात येतो, आणि त्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मा असतो. टायमिंग चेन सैल असेल तर चेनच्या बाजूने खरखर येते आणि रेस सोडताना वाढते. पिस्टनचा ठोका थंड इंजिनात मोठा असतो, तापल्यावर विरतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की फरक कळतो. मात्र ओढणी, मफलर, मोकळे केस सांभाळून.

हत्यारं

- फीलर गेज: पात्यांचा जुडगा. जुन्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांमध्ये फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून ०.०३ किंवा ०.०४ पासून सुरू होणारा सेट मागा. मोटारीसाठीचे काही सेट जाड पात्यापासूनच सुरू होतात, ते इथे कामाचे नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात नाना पेठेत किंवा कुठल्याही चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल.
- लॉकनटला बसणारा रिंग पाना आणि स्क्रूसाठी टॅपेट की. हीरो होंडात स्क्रूचं डोकं लहान चौकोनी असतं. ते पक्कडीने धरलं की कडा झिजतात आणि पुढच्या माणसाचे हाल होतात.
- प्लग पाना, झाकणांचे पाने, स्वच्छ फडकं, लोहचुंबकाची काडी.
- टॅपेट झाकणांच्या नव्या ओ-रिंग. किंमत किरकोळ. जुनी, कडक झालेली रिंग परत बसवली की आठवड्याभरात हेडच्या पात्यांवर तेल उतरतं, आणि मग ‘तपासल्यापासून गाडी लीक करते’ अशी तक्रार सुरू होते.

मापाबद्दल एक खबरदारी. जुने मिस्त्री ‘दोन थाऊ ठेव’ म्हणतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ म्हणजे ०.०५ मिलिमीटर, चार थाऊ म्हणजे ०.१०. पात्यावर दोन्ही आकडे कोरलेले असतात, ते गडबडीत अदलाबदल होतात. काही ठिकाणी फीलरऐवजी दाढीचं ब्लेड सरकवतात. दुधारी ब्लेड सुमारे ०.१० मिलिमीटर जाड असतं. तुमच्या गाडीची फट ०.०५ असेल तर ब्लेडने केलेलं सेटिंग दुप्पट सैल झालं. घाटात बंद पडलेल्या गाडीला तात्पुरतं ठीक आहे, रोजच्या कामाला नाही.

आणि नेमका आकडा? तो तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं, इनलेट आणि एक्झॉस्टचे आकडेही काही गाड्यांत वेगळे असतात. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका.

स्क्रू-लॉकनटच्या गाडीची फट तपासताना

स्प्लेंडर-सीडी १०० डोळ्यांपुढे ठेवून क्रम सांगतो.

१. इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळची वेळ. ‘तासाभरापूर्वी बंद केली’ हे थंड नव्हे. उन्हाळ्यात तर नाहीच. गरम इंजिनावर मापाप्रमाणे फट ठेवली तर ती थंड इंजिनाच्या मापाशी जुळत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

२. मेन स्टँडवर घ्या, चावी काढा. प्लगभोवतीची आणि झाकणांभोवतीची माती फुंकून, पुसून मग प्लग काढा. प्लग काढल्याने इंजिन हाताने हलकं फिरतं.

३. हेडवरची दोन्ही टॅपेट झाकणं काढा. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन टोप्या असतात: मधल्या मोठ्या टोपीतून मॅग्नेटचा नट दिसतो, दुसरीतून मॅग्नेटवरच्या खुणा. दोन्ही काढा.

४. नटाला पाना लावून इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. खिडकीत ‘टी’ अक्षराजवळची रेघ कव्हरच्या खुणेशी जुळवा. तिथेच ‘एफ’ची खूणही असते, ती स्पार्कच्या वेळेची. घाईत अनेक जण ‘एफ’वरच थांबतात. खूण ओलांडली तर मागे फिरवू नका, चेनचा ढिलेपणा माप चुकवतो. पुन्हा पूर्ण फेरी मारून या.

५. दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यांत जास्त वेळा गाळली जाते. ‘टी’ची खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा दोन्ही थोडे उघडे असतात. पहिल्या ठिकाणी दोन्ही रॉकर किंचित खुळखुळतात. खुळखुळत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरी द्या. फेरीनंतरही एखादा रॉकर घट्टच असेल, तर तो टॅपेट खरोखर टाइट आहे. लेखातला सगळ्यांत गंभीर निष्कर्ष तुमच्या हाती लागला असं समजा.

६. आता माप. ठरलेल्या जाडीचं पातं स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरळ सरकवा. ते हलकासा अडथळा देत सरकायला हवं. मग पुढच्या जाडीचं, साधारण ०.०२ ने मोठं, पातं घालून पाहा. ते जाता कामा नये. ‘हलका अडथळा’ प्रत्येकाच्या हाताला वेगळा वाटतो, म्हणून ही दुहेरी चाचणी नवख्यासाठी जास्त भरवशाची. बारीक पातं वाकडं घातलं तर दुमडतं, जबरदस्ती नको.

७. दोन्ही चाचण्या जमल्या तर काम संपलं. नाही जमल्या तर लॉकनट ढिला करा, पातं आत ठेवूनच स्क्रू फिरवा, स्क्रू कीने धरून ठेवत लॉकनट आवळा. आवळताना स्क्रू हमखास थोडा सरकतो आणि माप बदलतं. म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजा. दोन-तीनदा करावं लागलं तर निराश होऊ नका, अनुभवी कारागिरालाही लागतं. लॉकनटवर दांडगाई नको. लहान आटे आहेत, जातात.

८. इंजिन दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पुन्हा ‘टी’वर आणा आणि दोन्ही मापं शेवटची तपासा. नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावून झाकणं बसवा, मॅग्नेटच्या टोप्या आणि प्लग लावा. वहीत तारीख, किलोमीटर, आधीची आणि नंतरची मापं लिहा.

ही वही खरंच ठेवा. कारण एका मापातून फक्त आज कळतं, तीन मापांतून गाडीची चाल कळते. रॉकर आणि कॅम झिजतात तेव्हा फट वाढत जाते. एक्झॉस्टची फट मात्र दर वेळी कमी भरत असेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत चालला आहे. सेटिंग करून काही काळ जाईल, पण हेड उघडायची वेळ जवळ येते आहे.

जुन्या बुलेटसाठी

कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट हेडवर नसतात. उजव्या बाजूला सिलिंडरच्या बुडाशी एक झाकण असतं. ते काढलं की दोन पुशरॉडांची खालची टोकं दिसतात. पुढची एक्झॉस्टची, मागची इनलेटची. इथे फीलर गेज लागतच नाही, कारण थंड इंजिनात फट शून्य ठेवायची असते.

इंजिन थंड. प्लग काढून गाडी टॉप गिअरमध्ये घाला आणि मागचं चाक हाताने फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. आता प्रत्येक पुशरॉड दोन बोटांत धरून स्वतःभोवती फिरवा. ती सहज फिरायला हवी, पण वर-खाली खेळता कामा नये. फिरत नसेल तर टाइट. वर-खाली टकटकत असेल तर सैल. सेट करताना खालचा भाग एका पान्याने धरायचा, मधला लॉकनट दुसऱ्याने ढिला करायचा आणि वरची वाटी फिरवायची. दोन पाने, दोन हात आणि जागा चिंचोळी, त्यामुळे पहिल्यांदा कुणी माहीतगार शेजारी असलेला बरा. नट आवळून झाल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहायला विसरू नका.

बुलेटवाल्यांना ठोक्याच्या आवाजाचं प्रेम असतं. त्या प्रेमापोटी टॅपेट मुद्दाम सैल ठेवणारेही आहेत. त्यांना एवढंच सांगेन की हौसेचा आवाज सायलेन्सरमधून येतो; टॅपेटमधून येतो तो झिजेचा.

फसवणारी दोन ठिकाणं

पहिलं, खड्डा पडलेला रॉकर. तेल कमी पडलं की रॉकरच्या स्क्रूच्या टोकाला किंवा कॅमवर टेकणाऱ्या पृष्ठभागाला खळगा पडतो. सपाट पातं खळग्यावरून पुलासारखं जातं. पातं ‘बरोबर’ म्हणतं, प्रत्यक्षात फट जास्त असते आणि आवाज चालूच राहतो. मग वैतागून स्क्रू आणखी आवळला जातो, आणि आपण जळलेल्या व्हॉल्व्हच्या वाटेला लागतो. माप बरोबर आणि आवाज मात्र कायम, असं दिसलं की स्क्रूला हात लावू नका. रॉकर आणि कॅम काढून बघायला सांगा.

दुसरं, आधीच जळलेला व्हॉल्व्ह. फट नीट केली तरी किकला दम नाही, तर आता सेटिंगने काही होणार नाही. हेड उतरवावं लागेल. उतरवलेल्या हेडच्या पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून पाहायला सांगा. व्हॉल्व्हच्या कडेने पाझरलं तर सीट धरत नाही. नुकसान थोडं असेल तर लॅपिंग पुरतं, जास्त असेल तर सीट कटिंग आणि नवा व्हॉल्व्ह. हे काम बहुतेक गॅरेजवाले मशीन शॉपकडे पाठवतात, कोल्हापुरात उद्यमनगरात जातं तसं. ते कुणाकडे जाणार, हे विचारून ठेवा.

गॅरेजमध्ये देणार असाल तर

घरी करायची सक्ती कुणालाच नाही. मात्र काम देताना तुमचं वाक्य बदला. ‘टॅपेटचा आवाज बंद करून द्या’ असं म्हणालात तर कारागीर आवाज बंद करून देईल. सगळ्यांत सोपा उपाय स्क्रू आवळणं हाच आहे. ‘थंड इंजिनावर फीलर गेजने फट मोजून मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि आधीची मापं मला सांगा’ असं म्हणा. त्यासाठी:

- गाडी आदल्या संध्याकाळी ठेवा, म्हणजे सकाळी थंड मिळेल. ‘दहा मिनिटांत करून देतो’ म्हणत गरम गाडीला हात घालणाऱ्याला नको म्हणा.
- चालू इंजिनावर कानाने सेटिंग करणारे काही जुने हात खरोखर तयार असतात. तरी नंतर एकदा थंड इंजिनावर मोजून घ्या. कसलेल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.
- हेड उघडायचं ठरलं तर आधी लेखी अंदाजपत्रक घ्या. सुटे भाग अस्सल की स्थानिक, हे त्यात लिहून घ्या.
- जुना व्हॉल्व्ह, जुने रॉकर परत मागा. जळलेल्या कडेचा फोटो काढा.
- बिलावर काम, तारीख आणि किलोमीटर हवेत. ‘कच्चं’ बिल घेऊन सवलत मिळवली की पुढे तक्रारीचा पुरावाच उरत नाही.

काम निष्काळजीपणे झालं आणि इंजिनाचं नुकसान झालं, तर पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ‘सेवा’ आहे आणि तिच्यातली त्रुटी तक्रारीला पात्र आहे. आधी गॅरेजला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर का होईना, आणि गाडी दुसऱ्याकडे उघडण्यापूर्वी त्यांना पाहायची संधी द्या. दुसऱ्या कारागिराने हेड उघडलं तर त्याच्याकडून काय आढळलं ते सहीनिशी लिहून घ्या. तोडगा निघाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सोबत बिल, मापांची वही, दोन्ही पीयूसी पावत्या आणि तो जुना व्हॉल्व्ह ठेवा.